चुकलं ते सांगतो

अभिनवच्या काचेच्या केबिनमध्ये टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. पंगतीत एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ बसवावेत तसे.

"बस," अभिनव म्हणाला. स्वतः मात्र उभाच राहिला.

अभय बसला. डावीकडचा कागद त्याच्या ओळखीचा होता. नोव्हेंबरात इंग्लंडच्या क्लायंटला पाठवलेला अहवाल. सर्व्हर रूममधलं तापमान वाढल्यामुळे डिस्क निकामी झाली आणि औषधांच्या चार तासांच्या ऑर्डरी गेल्या, असं त्यात लिहिलं होतं. खाली अभय केळशीकर अशी सही. उजवीकडचा कागदही ओळखीचाच, पण तो असा छापून दुसऱ्याच्या टेबलावर बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो त्याच्याच ब्लॉगवरचा लेख होता. 'दोन काळ्या विंडो.'

"हे तूच लिहिलंयस ना?"

"हो."

"मराठीत?"

"ब्लॉग मराठीतच आहे."

"वा. म्हणजे कंपनीचे बारा वाजवायचे, तेही मातृभाषेतून." अभिनवने कागद उचलला आणि चौथीतल्या मुलासारखं खणखणीत वाचायला सुरुवात केली. "'मी दमलो होतो. समोर दोन विंडो, दोन्ही सारख्याच काळ्या. साफसफाईची कमांड टेस्टच्या विंडोत द्यायची, ती मी लाइव्हच्या विंडोत दिली. चार तासांच्या ऑर्डरी माझ्या डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या.' मी, मी, मी. तीन ओळींत किती वेळा आलास बघ."

"कंपनीचं नाव नाही त्यात. क्लायंटचं नाही. तारीखसुद्धा नाही."

"चार तास आहेत ना! क्लायंटच्या ऑडिटवाल्या बाई आहेत, उत्कर्षा मेश्राम. मूळच्या नागपूरच्या. मराठी वाचतात, हे आपलं नशीब. उद्या तीनला येतायत, आणि हे दोन्ही कागद त्यांनीच पाठवलेत मला. एकावर तुझी सही, दुसऱ्यावर तुझं नाव. एक खरा तर दुसरा खोटा. कुठला, ते उद्या तुलाच विचारणार आहेत."

फेब्रुवारी २००९ होता. मंदीच्या बातम्या अमेरिकेतून निघून कर्वे रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. गेल्या दोन शुक्रवारी मिळून एकवीस जणांना हातात पुठ्ठ्याचं खोकं देऊन सिक्युरिटीने फाटकापर्यंत सोडलं होतं. आता कँटीनमध्ये कोणी खोकं उचललं तरी लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघत.

"आज घरी जाऊन ब्लॉग पुसून टाक," अभिनव खालच्या आवाजात म्हणाला. "सगळा. उद्या सांग, ब्लॉग म्हणजे गोष्टी असतात, मनाने रचलेल्या. अहवाल खरा. डिस्कच जळाली. एवढं जमलं तर तू वाचलास, मी वाचलो, एप्रिलात इंग्लंडलाही जाशील. नाही जमलं, तर चूक तुझी होती हे तू स्वतःच जगाला सांगितलंयस. मला काही करावंच लागणार नाही."

अभय उठला. दारापर्यंत गेल्यावर अभिनवने मागून विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच कुतूहल होतं.

"मला एक कळत नाही. तू हे लिहितोस कशाला? जाहिरातींचे पैसे मिळतात?"

"नाही."

"दुसरीकडे नोकरी बघतोयस?"

"नाही."

"मग?"

अभयने तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. तो तसाच बाहेर पडला.

आता हे शब्द घशात बसण्याचं दुखणं जुनं होतं. अभयचे वडील सीतारामबुवा केळशीकर म्हणजे नारदीय कीर्तनातलं मोठं नाव. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही वाटावं, बुवा आपल्याशीच बोलतायत. मुलानेही ही सेवा पुढे चालवावी अशी त्यांची फार इच्छा. सोळाव्या वर्षी अभयला त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका देवळात नारदाच्या गादीवर उभं केलं. नमन झालं, आणि पुढचं वाक्यच येईना. पेटीवाल्याने तीनदा सूर दिला. तबलजीने ठेका धरून सोडला. श्रोते चुळबुळू लागले. शेवटी बुवा उठले, मुलाच्या खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तो थांबला होता नेमक्या त्याच वाक्यापासून पुढे कीर्तन केलं. घरी गेल्यावर त्याविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. चोवीस वर्षांत बोलले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अभयने ब्लॉग सुरू केला, आणि त्याला शोध लागला की आपल्या बोटांना कंठ आहे. ब्लॉगचं नाव 'चुकलं ते सांगतो'. बेत कीर्तनाचाच. आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्व: बॅकअप का घ्यावा, घेतलेला उघडून का बघावा. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान: एकाने बॅकअप उघडून पाहिला नाही, त्याचं काय झालं. आणि त्या आख्यानाला बुवांचा नियम. बुवा म्हणत, "गादीवर उभं राहून दुसऱ्याचा दोष काढायचा नाही. सांगायचाच असेल तर स्वतःच्या अंगावर घेऊन सांगायचा. 'मी' म्हटलं की ऐकणारा स्वतःला शोधतो. 'तू' म्हटलं की तो पळवाट शोधतो." बुवांना गावातल्या कंजूष सावकाराचं सांगायचं झालं तर ते म्हणत, आता मीच बघा ना किती चिक्कू! लोक हसत, आणि पहिल्या रांगेतला सावकार मान खाली घाली.

अभयनेही तसंच केलं. ऑफिसात, मित्रांकडे, फोनवर ऐकलेल्या बेचाळीस चुका त्याने बेचाळीस लेखांत स्वतःच्या नावावर घेतल्या. कीर्तनाच्या मंडपात 'मी'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. इंटरनेटला मंडप नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

'दोन काळ्या विंडो' या लेखातला खरा 'मी' वैजनाथ होता. परळीकडचा, कंपनीत लागून जेमतेम पाच महिने झालेले, नोकरी अजून पक्की व्हायची होती. नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी त्याने चुकीच्या विंडोत कमांड दिली. सहा तास खपून अभयने बॅकअपमधून बाकी सगळं परत आणलं, चार तासांच्या ऑर्डरी सोडून. मग अभिनव म्हणाला, माणसाची चूक म्हटलं तर क्लायंट कॉन्ट्रॅक्टच काढून घेईल. डिस्क म्हणू. यंत्राला कोणी काही म्हणत नाही. सीनियर तू आहेस, सही तू कर. अभयने केली. तेवढ्याने एका गरिबाची नोकरी वाचते, असं त्याने मनाला सांगितलं, आणि मनाने ते लगेच मान्य केलं.

चारच्या चहाला वैजनाथने त्याला टपरीवर गाठलं. तोंड उतरलेलं.

"सर, मला कळलंय. मी उद्या सांगून टाकतो, माझ्या हातून झालंय म्हणून."

"गप्प बस."

"पण सर, तुमचं नाव उगंच..."

"तुझी नोकरी पक्की व्हायची आहे ना? मग चहा पी."

वैजनाथचे डोळे भरून आले. त्याने भर रस्त्यात वाकून नमस्कारासाठी हात पुढे केला आणि अभयने तो वरच्यावर धरला. अभयला भरून आल्यासारखं झालं. भीती होतीच. पण त्या भीतीवर साखरेचा एक पातळ थरही होता. आपण कोणासाठी तरी सोसतोय, याचा.

संध्याकाळी धायरीला घरी जाऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. ब्लॉग पुसायचं बटण लाल रंगाचं होतं. 'तुमची खात्री आहे का?' असं त्याने इंग्रजीत विचारलं. खाली वाचकांची पत्रं दिसत होती. लातूरचा कोणी, चंद्रपूरची कोणी: 'दादा, हे पुस्तकात नाही. तुम्ही स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणी सांगता, तुमच्यासारखं मन हवं.' रोज सकाळी अंघोळीच्या आधी तो ही पत्रं वाचत असे. पाठ होती त्याला. बोट बटणावर ठेवून तो पाच मिनिटं बसला, आणि मग सहाचे टोले पडले म्हणून उठला. सोसायटीमागच्या मारुतीच्या देवळात माघातला कीर्तन सप्ताह चालू होता, बुवांचं कीर्तन सहाला उभं राहायचं होतं, आणि मध्यंतरात बुक्क्याची वाटी धरायचं काम अभयचं होतं. घरी आल्यावर पुसू, असं त्याने ठरवलं.

बुवा शहात्तरीचे झाले होते, पण उभे राहिले की अंगात वारं भरल्यासारखे होत. पूर्वरंग तासभर रंगला. मग टाळ्या थांबल्या आणि मध्यंतर झालं. मध्यंतरात बुवांना हार घालतात आणि लहानथोर सगळे रांगेने येऊन नमस्कार करतात. हा नमस्कार बुवांना नसतो, त्या गादीला असतो. म्हणून वयाने मोठी माणसंही वाकतात. बुवांच्या बाजूला उभा राहून अभय येईल त्याच्या कपाळावर बुक्का लावत होता. कपाळं एकामागून एक येत होती, घामेजलेली, कुंकवाची, सुरकुतलेली.

एक कपाळ समोर येऊन थांबलं आणि अभयची दोन बोटं वाटीतच राहिली.

"राम राम साहेब," पोपटराव म्हणाला.

पोपटराव धायरीचाच. ऑफिसच्या सर्व्हर रूममधले एसी सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं, आठ वर्षं. खाकी शर्ट, खिशाला पेन, आणि दाराला टांगलेली एक वही. त्या वहीत तो दर तासाला तापमान लिहीत असे. सगळे त्या वहीला हसत. तो दिसत नाही, त्याच्या जागी कोणी नवा माणूस येतोय, हे अभयच्या लक्षात आलं होतं. त्याने कोणाला विचारलं मात्र नव्हतं.

"काय पोपटराव, हल्ली ऑफिसात..."

"ते काम गेलं न्हवं का, नोव्हेंबरातच. आता फाट्यावर फ्रिज दुरुस्त करतो. तुमच्यात कायतरी डिस्क का काय ती जळाली. खोली गरम झाली म्हणं." रांगेतल्या मागच्या बाईला त्याने जरा थांबा अशी खूण केली. "साहेब, एकोणीसच्या वर गेलं न्हाई तापमान त्या दिशी. माझ्या वहीत लिवल्यालं हाय. दावली वही, त्या पानाची झेराक्स बी दिली हापिसात. तर म्हणले, कागदावर साहेबाची सही हाय, तुझ्या वहीला कोण इचारतो."

"कुठल्या साहेबाची?" अभयचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आता ते मला काय ठावं. विंग्रजी कागद. लावा की बुक्का, मागं लोक थांबल्यात."

अभयने बुक्का लावला. बोट थरथरलं आणि पोपटरावाच्या कपाळावरची रेघ वाकडी झाली, भुवईपर्यंत गेली. पोपटराव हसला आणि पुढे सरकून त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

उत्तररंगात बुवांनी काय आख्यान लावलं, कोण हसलं, कोण रडलं, अभयला काहीच कळलं नाही. आरतीचं ताट फिरलं तेव्हा तो भानावर आला.

घरी जाताना बुवा त्याच्या दंडाला धरून चालत होते. देवळापासून घर दोनशे पावलांवर. निम्म्या वाटेत बुवा म्हणाले, "आज आख्यानात तुझं लक्ष नव्हतं."

"नव्हतं."

"पहिल्यांदाच."

मग अभयने सांगितलं. सगळं, आहे तसं: दोन विंडो, वैजनाथ, सही, ब्लॉग, उद्याचे तीन, पोपटराव. बुवांना ब्लॉग माहीत होता. अभय कधीमधी त्यांना एखादा लेख वाचून दाखवी आणि ते डोळे मिटून ऐकत. सांगून झाल्यावर अभय म्हणाला, "मी तुमचाच नियम पाळला, अण्णा. दुसऱ्याचं अंगावर घेतलं."

बुवा थांबले. रस्त्याकडेच्या कठड्याला टेकले. बराच वेळ दम घेतला.

"अरे, मी गादीवरून अंगावर घेतो ते श्रोत्यांचं. चिक्कू मी नसतो, म्हणून तर मला मी चिक्कू म्हणताना मजा येते. लोक म्हणतात, वा, काय बुवांची नम्रता! मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "पण माझं स्वतःचं जे असतं ना, ते कीर्तनात सांगून फिटत नाही रे. ते ज्याचं असेल त्याच्या दारात जाऊन सांगावं लागतं. मला ते फारसं जमलेलं नाही." आणि मग, रस्त्याकडे बघत, "त्या दिवशी तुला गादीवरून मी उतरवलं. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर तू बोलला असतास. मला लोकांची लाज वाटली. चोवीस वर्षं मनात आहे. चल, गार होतंय."

अभयने अण्णांचा हात पुन्हा आपल्या दंडावर ठेवला. लाल बटण त्या रात्री तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं असताना उत्कर्षा मेश्राम आल्या. वयाने अभयपेक्षा लहान, केस मागे घट्ट बांधलेले, हातात जाडजूड फाइल. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या. मीटिंग रूममध्ये टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला अभिनव आणि अभय. कोपऱ्यात प्रोजेक्टर लावायला वैजनाथ. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"ब्लॉग अजून आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. "मला वाटलं होतं, आज सकाळपर्यंत उडेल."

अभिनवने अभयकडे असं बघितलं की त्या नजरेने दूध नासावं. मग तो सावरून हसला. "मॅडम, ब्लॉगचं काय असतं, हौस. रचलेल्या गोष्टी. अभय, सांग ना."

"थांबा. मी विचारते." त्यांनी फाइल उघडली. आत सगळे लेख छापलेले, पिवळ्या खुणा केलेले. "बेचाळीस लेख. बेचाळीस चुका. सगळ्या तुमच्या?"

"नाही."

"सातव्या लेखात बँकेच्या मेनफ्रेमवर झालेली चूक आहे. मेनफ्रेमवर कधी काम केलंय?"

"नाही."

"मला वाटलंच. ऑडिटला लागले तेव्हा डेटाबेसमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. तुमचा ब्लॉग वाचून शिकले. नागपूरला आईला फोनवर सांगायचे, पुण्यात एक माणूस आहे, फार चुका करतो पण फार चांगलं समजावतो." त्या हसल्या नाहीत. "म्हणून मला यात रस आहे. हे तुम्ही का लिहिता?"

पुन्हा तोच प्रश्न. अभयने तोंड उघडलं आणि शब्द घशात येऊन बसले. प्रोजेक्टरची घरघर मोठी झाली. अभिनवने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. उत्कर्षाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. त्या थांबल्या. एक मिनिट गेलं. अभिनव म्हणाला, "मॅडम, तो जरा..." आणि त्यांनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. आणखी एक मिनिट.

"लोकांनी मला भला म्हणावं म्हणून," अभय म्हणाला.

आवाज फाटका होता, पण आला.

"मला चारचौघांत बोलता येत नाही. माझे वडील कीर्तनकार आहेत. जे मला तिथे जमलं नाही ते मी ब्लॉगवर केलं. दुसऱ्यांच्या चुका माझ्या म्हणून सांगितल्या, म्हणजे वाचणाऱ्याला लागत नाही, आणि मला..." तो थांबला. "मला पत्रं येतात. तुमच्यासारखं मन हवं म्हणून. ती मी रोज वाचतो. शिकवण्यासाठी लिहितो हेही खरं आहे. पण आधी हे."

"आणि 'दोन काळ्या विंडो'?"

"घडलं ते तसंच घडलं. डिस्क जळाली नव्हती."

अभिनवची खुर्ची करकरली.

"कमांड तुम्ही दिली?"

"नाही. कोणी दिली ते मी सांगणार नाही."

"मी दिली, मॅडम!" कोपऱ्यातून वैजनाथ ओरडलाच. प्रोजेक्टरची वायर त्याच्या पायात अडकून पडद्यावरचं चित्र गेलं.

"बसा तुम्ही," उत्कर्षाबाई शांतपणे म्हणाल्या. "लाइव्ह सर्व्हरवर कोण कधी आलं याची नोंद आमच्याकडेही राहते. कोणी मागत नाही म्हणून कोणी बघत नाही, इतकंच. मी गेल्या आठवड्यात मागवली. कमांड कोणी दिली ते सर्व्हर सांगतो." त्यांनी फाइलमधला नोव्हेंबरचा अहवाल अभयसमोर सरकवला. "सही का केली, ते सर्व्हर सांगत नाही."

अभयने स्वतःच्या सहीकडे बघितलं. 'केळशीकर'मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी त्याने नेहमीसारखी ऐटीत मागे वळवली होती.

"कोणाला तरी वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं," तो म्हणाला. "खरं म्हणजे स्वतःची नोकरी जाण्याची भीती होती. इंग्लंडला जायचं होतं. आणि मॅडम, या सहीमुळे एका माणसाचं काम गेलं. सर्व्हर रूमचे एसी बघणारे पोपटराव. त्या दिवशी तापमान एकोणीसच्या वर गेलं नव्हतं, त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. तो माणूस तीन महिने समोर दिसत नव्हता आणि मी विचारलंसुद्धा नाही. बेचाळीस चुका लिहिल्या मी. त्यांतली एकही माझी नव्हती. ही माझी आहे, आणि ही लिहिलेली नाही."

एवढं सलग तो आयुष्यात कोणासमोर बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण मधेच कधीतरी उभे राहिलो आहोत.

"सही करायला मीच सांगितलं होतं," अभिनव एकदम म्हणाला. टेबलाकडे बघत. कोणी त्याला विचारलं नव्हतं.

उत्कर्षाबाईंनी दोन ओळी लिहिल्या. मग फाइल बंद केली. "तुम्ही दोघं आमच्या कामावर आता राहू शकणार नाही. कंपनी तुमचं काय करते तो कंपनीचा प्रश्न. शुक्रवारपर्यंत कळवतील. वैजनाथना ट्रेनिंग द्या. चूक लपवणाऱ्यापेक्षा चूक करणारा मला परवडतो." दारात त्या वळल्या. "आमच्या विहारात भिक्खू पौर्णिमेला एकत्र बसून आपापलं चुकलेलं सांगतात. लहान असताना मला वाटायचं, त्यात काय कठीण आहे? केळशीकर, अहवाल दुरुस्त करून आज पाचपर्यंत माझ्याकडे पाठवा. वहीतल्या नोंदीसह."

"एक प्रत मला लागेल," अभय म्हणाला. "सहीशिक्क्याची. मराठीत."

"मराठीत कोणासाठी?"

"ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी. इंग्रजी कागदाने गेलं होतं."

पहिल्यांदाच त्या किंचित हसल्या.

साडेसहाला अभय धायरी फाट्यावर उतरला. मारुतीच्या देवळातून पेटीचा सूर ऐकू येत होता. आज तिथे दुसरं कोणी बुक्क्याची वाटी धरणार होतं. पोपटरावाचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. आत पाठ उघडी करून ठेवलेले तीन फ्रिज, आणि चौथ्यात डोकं घालून बसलेला पोपटराव. भिंतीला, खिळ्यावर, तीच वही.

"या साहेब. फ्रिज बिघडला का?"

"नाही. एक कागद आणलाय."

"परत विंग्रजी?"

"मराठी."

"मग वाचून दावा. चष्मा घरी हाय."

अभय उभा राहिला. समोर श्रोता एक, तोही पाठमोरा, हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्याने कागद उलगडला. तारीख वाचली, त्या दिवसाचं तापमान वाचलं, तासातासाचं, ऑफिसच्या फाइलीत पडून राहिलेल्या वहीच्या झेरॉक्सवर होतं तसं. खोली थंड होती आणि पोपटरावांच्या कामात कोणतीही कसूर नव्हती, हे वाचलं. आधीच्या अहवालात खोटं लिहिलं होतं, हेही वाचलं. शेवटच्या ओळीशी येऊन तो थांबला. पोपटरावाने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, पण मागे वळून बघितलं नाही.

"वाचा की."

"'त्या खोट्या अहवालावर सही माझी होती. अभय सीताराम केळशीकर.'"

मग पोपटराव वळला. त्याने कागद हातात घेतला, न वाचता घडी घातली आणि खिळ्यावरच्या वहीत, नोव्हेंबरच्या पानात सरकवला.

"काल बुक्का लावताना तुमचा हात हालला," तो म्हणाला. "घरी आरशात बघितलं, तर पार भुवईपर्यंत. मी म्हणलं, साहेबाला बरं न्हाई वाटतं." त्याने कपाळावरून हात फिरवला. "आठ वर्सं वही लिवली, साहेब. एक दिस बी कुणी वाचली न्हाई. आज वाचली." मग जरा थांबून, "लई राग आलाय मला. पर तो आता येतोय, तवा तुमी जरा कळ काढा."

"काढतो."

"आता तुमचं काय?"

"माहीत नाही. शुक्रवारी सांगतील."

पोपटरावाने फ्रिजच्या मागचा जड पत्रा उचलून त्याच्यासमोर धरला.

"मग शुक्रवारपर्यंत हे धरा. एकट्यानं बसत न्हाई ते."

अभयने बॅग खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी पत्रा धरला.